आठवा संघ

शहाण्णव सालच्या फेब्रुवारीत आमच्या सासऱ्यांनी दोन गोष्टींची बाजू एकट्यानं लढवली. एक, भारतानं क्रिकेटचा विश्वचषक भरवायला घेतला ते झकास केलं. आणि दुसरी, कोपरखैरण्यातल्या आमच्या बैठ्या घरांच्या ओळींनी मिळून महिलांची कबड्डी स्पर्धा भरवलीच पाहिजे. दोन्हीकडं त्यांच्या विरोधात माणूस एकच. शेजारचे किसनभाऊ.

सासऱ्यांना मी मामा म्हणते, बाकी सगळे बाबासो. आधी मशीद बंदरला आणि मग वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात त्यांनी पाठीवर गोणी वाहिली, आणि उरलेल्या वेळात कबड्डी खेळली. किसनभाऊ बेलापूरला सरकारी कचेरीत कारकून. पेपर पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत वाचणार आणि संध्याकाळी आमच्या ओट्यावर येऊन त्याची परीक्षा घेणार. आमचा टीव्ही दाराकडं तोंड करून असायचा, त्यामुळे मॅच असली की अर्धी ओळ ओट्यावर. मी आत राजवर्धनला मांडीवर थोपटत सगळं ऐकायचे. सात महिन्यांचा होता तेव्हा. बाहेर आरडाओरडा असला की छान झोपायचा आणि शांत झालं की दचकून उठायचा. उपजत आमच्या ओळीतला.

"मला एक सांगा बाबासो," किसनभाऊ म्हणायचे, "हे एवढे पाहुणे येणार, खेळणार, कप घेऊन जाणार. यजमानाला काय? मांडव सोडायचा आणि केर काढायचा."

"दुसऱ्याच्या मांडवात जेवून आपल्या घरात सून येत न्हाय, किसनराव."

"आणि बोलावूनसुद्धा लोक येत नाहीत. लंकेला बघा. दोन संघ म्हणाले आम्ही तिकडं येतच नाही. लंकेला न खेळता गुण मिळाले. हा काय खेळ झाला?"

"जे आलं न्हाईत त्यांचं ते बघतील. मांडव घातला त्याची लाज जात नसती."

"अहो पण देशाला फायदा काय?"

इथं मामा थोडे अडायचे. देशाचं त्यांना नीट सांगता यायचं नाही. मग ते हात लांब करून समोरच्या मोकळ्या प्लॉटकडं दाखवायचे. "देशाचं ऱ्हाऊ दे. ही पोर तिथं खेळत्या. तिला बघाय कोण येतंय का? आपुन बोलवाय नको?"

ती पोर म्हणजे किसनभाऊंचीच संघमित्रा. मग किसनभाऊ चहाचा कप खाली ठेवून पेपराची घडी घालायचे.

संघमित्रा बारावीत होती. रोज संध्याकाळी मैदानावरून सरळ आमच्या घरी यायची, मोरीत हातपाय धुवायची आणि राजवर्धनला उचलून घ्यायची. गुडघे धुतले तरी लालच असायचे. "वहिनी, तुम्ही पोळ्या करा, ह्याला मी बघते." त्या अर्ध्या तासावर माझा संसार चालला होता म्हटलं तरी चालेल. जिल्ह्याच्या निवडीसाठी तिला दोनदा बोलावणं आलं होतं. एकदा ठाण्याला, एकदा भिवंडीला. एका वेळी तिच्या आईचं, केशरबाईंचं, ऑपरेशन होतं. दुसऱ्या वेळी किसनभाऊंनीच नाही म्हटलं. वाईट माणूस नव्हे हो. पण मुलगी संध्याकाळी साडेसातला घरात दिसली नाही की ते ओळीच्या टोकाला जाऊन उभे राहायचे. त्यांनी सांगून टाकलं होतं, "बारावीपर्यंत खेळ. पुढं टायपिंग, मग नोकरी. खेळ बास."

घरासमोर स्पर्धा भरते आहे, निवड समितीची माणसं शनिवारी दुपारी बघायला येणार आहेत, हे कळल्यावर ते एवढंच म्हणाले, "दारात आहे म्हणून. आणि हे शेवटचं."

म्हणजे तिच्याकडं एक शनिवार होता.

मामांनी महिनाभर स्वतःला जुंपून घेतलं. प्लॉटवर माती आणून टाकली, मार्केटातल्या त्यांच्या टोळीनं ती पायांनी दाबली. बायकांनी आपापल्या घरच्या पाण्यातला एकेक हंडा रोज मैदानावर शिंपडला. बाहेरून सात संघ येणार होते. आमच्याकडं जुनी रीत अशी, की पाहुण्या संघाला हॉटेलात किंवा शाळेत टाकायचं नाही, घरं वाटून घ्यायची. एक संघ एका घरी. झोप, अंघोळ, जेवण त्या घरचं. आमच्या वाट्याला कडेगावच्या पोरी आल्या. मामांनीच मागून घेतल्या. "आपल्या मुलखातल्या हायेत, भाकरी आवडंल त्यांस्नी."

शुक्रवारी संध्याकाळी त्या आल्या. नऊ तास एसटीत बसून दहा पोरी आणि त्यांच्या बाळाबाई मॅडम. दोन खोल्यांच्या घरात पिशव्याच पिशव्या. कप्तान ज्ञानेश्वरी, उंच, हनुवटीवर टाक्यांची खूण, दारातूनच ओरडली, "वैनी, बाळ कुठाय? आदी बाळ दाखवा!" माझं माहेर त्याच बाजूचं. तो हेल कानावर पडला आणि मला उगाचच भरून आलं. राजवर्धन दहा जणींच्या हातातून फिरला आणि माझ्याकडं परत येईना.

आत्यांनी, म्हणजे सासूबाईंनी, आमटी फोडणीला घातली. संघमित्रा माझ्याबरोबर भाकऱ्या थापायला बसली. "उद्या खेळायचं आहे, जा, पड जरा," मी म्हटलं.

"घरी बसलं की टेन्शन येतं वहिनी. इथं बरं वाटतं."

तेवढ्यात मामा आले. हातात एक कागद होता. आत आले नाहीत, ओट्याच्या पायरीवरच बसले. मी पाणी घेऊन गेले तर त्यांनी तांब्या बाजूला ठेवला आणि कागद माझ्याकडं दिला. कुणाचा सामना कुणाशी, त्याचा छापील कागद. स्पर्धेवर देखरेख करायला संघटनेचे नंदकुमार सर आले होते, त्यांनी चिठ्ठ्या टाकून ठरवलं होतं सगळं. मी वरून खाली वाचला. मग खालून वर.

"मामा, आपला संघ कुठाय?"

"न्हाय."

"म्हणजे?"

"म्या लिवलंच न्हाय." त्यांनी डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "सगळ्यांची नावं मी लिवली. कडेगाव, रोहा, पालघर, समदी. आपलं काय लिवायचं? आपुन घरातलंच की. पत्रिका वाटताना घरच्याला कोन पत्रिका देतंय का?"

आत्या मागं येऊन उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "सगळ्या गावाला आवतान दिलं, नवरदेवालाच सांगायचं ऱ्हायलं तुमचं." एरवी या वाक्यावर मामा हसले असते.

सात संघ होते, म्हणून एका संघाला पहिल्या फेरीत जोडीदार नव्हता. त्याला 'पुढे चाल'. न खेळता उपांत्य फेरीत. नंदकुमार सरांनी मामांना सांगितलं होतं, "नियमाने नोंदणी संपलीय बाबासो. पण ज्यांना पुढे चाल मिळालीय त्यांनी सकाळी नऊच्या आत लेखी दिलं, की आम्ही खेळायला तयार आहोत, तर मी तुमचा आठवा संघ घालतो. त्यांनी नाही दिलं तर माझा इलाज नाही."

पुढे चाल कडेगावला मिळाली होती. आमच्याच घरात, आमच्याच चटईवर बसलेल्या पोरींना.

"मग विचारू या ना मामा."

त्यांनी मान वर केली. इतक्या वर्षांत माझ्यावर आवाज चढवला नव्हता, तेव्हाही नाही चढवला. पण म्हणाले, "ताटावर बसवलेल्या मानसाकडं काय मागायचं नसतं, पोरी. ती न्हाय म्हनू शकत न्हाईत. मग ते मागनं न्हवं, वसुली झाली."

संघमित्रा आत होती. किती ऐकलं कुणास ठाऊक. मी आत गेले तेव्हा ती तव्यावरची भाकरी उलटत होती. पंगत बसली तेव्हा आमटीचं पातेलं तिनंच घेतलं आणि एकेकीला वाढत गेली. ज्ञानेश्वरी म्हणाली, "अजून घाल की जरा, कंजूष," आणि ही हसली, आणि आणखी वाढलं. मला ते हसणं बघवेना. मी उठून राजवर्धनला घेतलं. तो झोपलेला होता, घ्यायची काही गरज नव्हती.

सकाळी सहाला पाणी आलं. अंघोळीला रांग लागली. बाळाबाई ओट्यावर बसून एका पोरीच्या घोट्याला तेल चोळत होत्या. ती त्यांची चढाईची मुलगी. एसटीतून उतरताना पाय मुरगळला होता, घोटा चांगलाच सुजला होता.

"ताई, हळद आहे का थोडी?"

मी हळद गरम करून नेली. राजवर्धन कडेवर होता. पोरींचं रात्रीचं जेवण झालेलं होतं, न्याहारी अजून व्हायची होती. म्हणजे या घडीला त्या ताटावर नव्हत्या. मी स्वतःला असं समजावलं खरं. पण खरं कारण ते नव्हतंच. मला मैदान दिसत होतं. तिथं संघमित्रा वाकून फक्की मारत होती. दुसऱ्यांच्या सामन्यासाठी पांढऱ्या सरळ रेषा.

"मॅडम, एक मागू का? नाही म्हणालात तरी पोहे मिळणारच आहेत."

बाळाबाईंनी वर पाहिलं. मी सगळं सांगितलं. यादीचं, सासऱ्यांच्या चुकीचं, एका शनिवारचं.

"तुमचे सासरे का नाही बोलले?"

"ते मागणार नाहीत. तुम्ही पाहुण्या."

"आणि तुम्ही मागताय."

"मी मागतेय."

त्यांनी हळदीचा लेप नीट पसरला, फडकं गुंडाळलं, गाठ मारली. "ताई, तुमच्या घरचं मीठ खाल्लंय म्हणून गोड गोड बोलत नाही. ह्या पोरीला आज एक दिवस आराम मिळाला तर उद्या ती उभी राहील. पुढे चाल आम्ही मागितली नव्हती, नशिबानं मिळाली. माझ्या पोरी पण कुणाकुणाच्या घरून भांडून आल्यात. नाही जमणार."

त्यांचं काहीच चुकत नव्हतं. मी मान हलवली आणि पोहे भिजवायला आत वळले. मोरीच्या दारात ज्ञानेश्वरी उभी होती, ओले केस, खांद्यावर टॉवेल.

"कोण पोरगी म्हणालासा, वैनी?"

"काल तुम्हाला आमटी वाढत होती ती."

"ती? ती खेळती?" तिनं टॉवेल माझ्या हातात दिला. "कुठल्या जागेवर?"

"डाव्या कोपऱ्यात."

ती चपला न घालताच मैदानाकडं गेली. बाळाबाईंनी हाक मारली, तिनं ऐकली नाही. मी राजवर्धनला घेऊन मागं गेले. संघमित्रानं फक्कीचं डबडं खाली ठेवलं.

"डावा कोपरा व्हय?" ज्ञानेश्वरी म्हणाली. "हो उभी."

"रेषा ताज्या आहेत अजून, पुसतील."

"परत मार. हो उभी."

सकाळच्या उन्हात दोघीच. एक मध्यरेषेवरून दम घेऊन आत शिरली, दुसरी हात गुडघ्यावर ठेवून मागं मागं सरकली. पहिल्यांदा ज्ञानेश्वरी पाय लांबवून हात लावून हसत परत गेली. दुसऱ्यांदा तिनं तोच पाय लांबवला. त्यानंतर नक्की काय झालं ते मला दिसलं नाही. राजवर्धननं माझा चष्मा ओढला. चष्मा सावरून पाहिलं तर दोघी मातीत पडल्या होत्या आणि संघमित्राचे दोन्ही हात ज्ञानेश्वरीच्या घोट्याभोवती कुलपासारखे बसले होते. ज्ञानेश्वरी मध्यरेषेकडं हात ताणत होती. वीतभर कमी पडत होतं.

"सोड की आता," ती शेवटी म्हणाली.

"सॉरी, सॉरी."

"सॉरी काय म्हणतीस येडे!"

ती उठली आणि अंघोळ केलेल्या अंगानं, मातीनं माखलेली, तशीच बाळाबाईंसमोर जाऊन उभी राहिली. "मॅडम, मला हिच्यासंगं खेळायचंय."

"आणि हिचा पाय?"

ती घोटा बांधलेली पोर म्हणाली, "मी बसते की बाहेर. उद्याला राखीन." मग जरा थांबून, "नऊ तास बसून आलो मॅडम, आज पण बसूनच काढायचं? घरी काय सांगू, न खेळता जिंकलो?"

बाळाबाईंनी हळदीची वाटी बाजूला ठेवली. मग माझ्याकडं हात केला. "कागद आणि पेन द्या. आणि पोह्यात मिरची कमी घाला, आमच्या पोरी धावणार आहेत."

मामांना मीच सांगायला गेले. ते मंडपात खुर्च्या मांडत होते.

"मागितलंस व्हय?"

"मागितलं. त्यांनी आधी नाही म्हटलं. अगदी तोंडावर. मग हो म्हटलं."

"न्हाय म्हनाल्या?" याचंच त्यांना बरं वाटलेलं दिसलं. "मी न्हवतं मागितलं."

"म्हणून तर, मामा."

त्यांनी एक खुर्ची उघडून माझ्यापुढं ठेवली. "बस. पोराला घिऊन कवाधरनं हुबी हायेस." आणि मग जाता जाता, "फुडच्या बारीला पैलं नाव आपलं. तू लिव."

सामना दुपारी चारला लागला. निवड समितीचे दोघं पुढच्या ओळीत बसले होते, एक टोपीवाले गृहस्थ आणि एक चष्म्याच्या बाई. आमचा संघ हरणार हे आमच्या ओळीतल्या मांजरालाही ठाऊक होतं. कडेगावच्या पोरींनी पहिल्याच पाच मिनिटांत लोण चढवला. पण त्यानंतर डावा कोपरा पडत नव्हता. बाकीच्या बाद होऊन बाहेर बसायच्या आणि संघमित्रा एकटी, समोर सात जणी, तरी हात गुडघ्यावर ठेवून तशीच मागं मागं. तीन वेळा तिनं चढाई अडवली. चौथ्या वेळी ज्ञानेश्वरीनं तिला बाद केलं आणि परत जाताना तिच्या पाठीत एक धपका घातला, प्रेमाचा, पण मला लागला.

मध्यंतरात मी मागं वळून पाहिलं. मंडपाच्या खांबाला टेकून किसनभाऊ उभे होते. हाताची घडी. "दहा मिनिटं बघून जातो" म्हणून आले होते. मुलीला खेळताना त्यांनी त्याआधी कधीच पाहिलं नव्हतं. ती खेळायची तेव्हा ते कचेरीत असायचे, आणि ते घरी यायचे तेव्हा ती आमच्या मोरीत पाय धूत असायची. दुसरा डाव सुरू झाला तरी ते तिथंच. संघमित्रानं पुन्हा एकीचा घोटा धरला, तेव्हा सगळा मंडप ओरडला आणि ते ओरडले नाहीत. पण घडी सुटली होती, आणि दोन्ही हात पुढं आले होते. जणू तिच्या बरोबर त्यांनीही काही धरलं होतं.

सामना आम्ही वीस गुणांनी हरलो. हरल्यावर आमच्या पोरी आणि कडेगावच्या पोरी एकाच नळावर गेल्या आणि तिथंच पाण्यावरून भांडल्या, मग हसल्या.

रविवारी संध्याकाळी पाहुण्या पोरींची एसटी सुटल्यावर किसनभाऊ आमच्या ओट्यावर आले. मागं संघमित्रा, तिच्या मागं केशरबाई. जिल्ह्याच्या सराव शिबिराला बोलावलेल्या मुलींत तिचं नाव होतं. शिबिर एप्रिलमध्ये, पंधरा दिवसांचं, पालघरला.

"लांब आहे," किसनभाऊ म्हणाले. कुणाला म्हणाले कळलं नाही.

मामा नाक खाजवत बसले. एरवी बोलायची एवढी संधी सोडली नसती त्यांनी. संघमित्रा राजवर्धनच्या पायाची बोटं मोजत होती, परत परत, पाचावरून पुढं जातच नव्हती.

"परीक्षा संपतेय ना तोवर?" किसनभाऊंनी विचारलं.

"हो पप्पा. मार्चमध्येच."

"बाबासो, एक सांगतो. देशाला काय फायदा, ते मला अजून पटलेलं नाही."

"नका पटवून घिऊ," मामा म्हणाले.

किसनभाऊंनी खिशातून घडी केलेला फॉर्म काढला, चष्मा लावला, आणि मला म्हणाले, "सूनबाई, पाट द्या एक, खाली ठेवायला." मी पाट दिला. त्यांनी कचेरीतल्या त्यांच्या गोल, शिरोरेषा न तुटणाऱ्या अक्षरात भरायला सुरुवात केली. नाव. जन्मतारीख. पत्ता. पालकाची संमती, तिथं पेन जरा थांबलं, मग सही झाली. सगळे बघत होतो. खाली आणखी एक रकाना होता. खेळाडूची मैदानावरील जागा.

संघमित्रा सांगायला पुढं वाकली.

"माहीत आहे मला," ते म्हणाले, आणि लिहिलं, डावा कोपरा.